सोसायटीचा कॅमेरा जगाला दिसतोय का, ते घरबसल्या कसं तपासायचं

मागच्या दिवाळीच्या आधी आमच्या कोथरूडच्या सोसायटीत पार्किंगमधल्या एका ॲक्टिव्हाची डिकी कोणीतरी उचकटली. मी कमिटीवर आणि त्यातून आयटीवाला, म्हणजे फुटेज बघायचं काम आपसूक माझ्याच गळ्यात. वॉचमनच्या केबिनमध्ये लोखंडी पेटी, पेटीत डीव्हीआर म्हणजे कॅमेऱ्यांचं रेकॉर्डिंग साठवणारा डबा, बाजूला राऊटर, आणि पेटीच्या झाकणाला आतून चिकटपट्टीने लावलेला एक कागद, त्याच्यावर मार्करने युजरनेम, पासवर्ड आणि एक आयपी ॲड्रेस, म्हणजे नेटवरचा पत्ता, लिहिलेला. डीव्हीआरचं घड्याळ चाळीस मिनिटं मागे. चोर काही सापडला नाही, टोपी होती त्याच्या डोक्यावर. पण तो आयपी माझ्या डोक्यातून जाईना, म्हणून घरी येऊन वायफाय बंद केलं, मोबाईल डेटावर तो आयपी ब्राउझरमध्ये टाकला आणि समोर डीव्हीआरचं लॉगिनचं पान हजर. कागदावरचा पासवर्ड टाकल्यावर पार्किंग दिसलं, लिफ्ट दिसली, सी विंगच्या तळमजल्यावरच्या काकूंचं दार दिसलं, दारातल्या चपलासुद्धा मोजता येत होत्या.

कॅमेरावाल्याला फोन केला तर तो म्हणाला, "साहेब, सगळ्या सोसायट्यांना तोच पासवर्ड टाकतो मी, लक्षात राहतो." हे त्याने अगदी अभिमानाने सांगितलं हां.

तर त्यानंतर पंधरा-वीस दिवस मी जे काय शिकलो आणि केलं ते इथे लिहितोय. घरचा एकच वायफाय कॅमेरा असेल, दुकानात चार असतील किंवा सोसायटीचा सोळा चॅनलचा डीव्हीआर असेल, पद्धत थोड्याफार फरकाने हीच.

आधी एक गोष्ट डोक्यात पक्की करा, कारण पुढचं सगळं तिच्यावर आहे. "कॅमेरा हॅक झाला" असं ऐकलं की आपल्याला वाटतं कोणीतरी हुशार पोरगा रात्रभर बसून काहीतरी फोडतोय. बहुतेक वेळा फोडण्यासारखं काही नसतंच तिथे. सेक्रेटरींना मोबाईलवर फुटेज बघायचं असतं, कॅमेरावाला राऊटरमध्ये जाऊन पोर्ट, म्हणजे नंबर दिलेलं एक दार, उघडून देतो, ज्याला पोर्ट फॉरवर्डिंग म्हणतात, आणि ते दार मग सेक्रेटरींसाठी जितकं उघडं तितकंच अख्ख्या जगासाठी उघडं राहतं.

आता जगाला ते दार सापडतं कसं? शोदान नावाचं एक सर्च इंजिन आहे, जॉन मॅथर्ली नावाच्या माणसाने २००९ मध्ये सुरू केलेलं. गुगल वेबसाईटी वाचत फिरतं, शोदान इंटरनेटवरचे आयपी ॲड्रेस एकेक करून वाजवत फिरतं आणि समोरून काय उत्तर येतं ते लिहून ठेवतं. सेन्सिस म्हणून असंच दुसरं आहे, ते मिशिगन विद्यापीठातल्या संशोधकांनी २०१५ मध्ये काढलं. दारावर पाटी लावायची हौस आपल्या पुण्यात आहेच, पण तुमचा डीव्हीआरसुद्धा पाटी लावून बसतो, कोणी टकटक केली की लगेच "मी अमक्या कंपनीचा, तमक्या मॉडेलचा, माझं सॉफ्टवेअर या व्हर्जनचं" असं सांगून मोकळा होतो. एकूण आयपी ॲड्रेस, जुन्या पद्धतीचे म्हणजे आयपीव्ही४ चे, साधारण ४३० कोटी. ऐकायला प्रचंड वाटतं, पण २०१३ मध्येच झेडमॅप नावाच्या टूलने एका साध्या सर्व्हरवरून, चांगलं गिगाबिट कनेक्शन जोडून, सगळे आयपी एका पोर्टसाठी ४५ मिनिटांच्या आत तपासता येतात हे दाखवून दिलं होतं. म्हणजे "आमच्या कर्वेनगरच्या छोट्या सोसायटीत कोणाला इंटरेस्ट असणार" या वाक्याला काही अर्थ नाही, कोणी तुम्हाला शोधत नाहीये, ते सगळ्यांनाच शोधतायत आणि त्यात तुम्ही आलात.

तर तपासायला सुरुवात करू. घरच्या (किंवा सोसायटीच्या) नेटला जोडलेलं असताना ब्राउझरमध्ये "व्हॉट इज माय आयपी" टाका, एक नंबर मिळेल, तो लिहून घ्या. मग राऊटरच्या पानावर जा, बहुतेक ठिकाणी १९२.१६८.१.१ किंवा १९२.१६८.०.१, राऊटरच्या खालच्या स्टिकरवर लिहिलेलं असतं, आणि तिथे स्टेटसमध्ये वॅन आयपी, म्हणजे राऊटरचा नेटवाल्याच्या बाजूचा पत्ता, बघा. दोन्ही नंबर सारखे असतील तर तुमच्याकडे खरा पब्लिक आयपी आहे आणि पुढचं सगळं लक्ष देऊन वाचा. वॅन आयपीतला पहिल्या टिंबाच्या आधीचा आकडा फक्त १० असेल किंवा १००.६४ ते १००.१२७ च्या मधला असेल तर नेटवाल्याने तुम्हाला सीजीनॅटच्या मागे ठेवलंय, म्हणजे एकच पब्लिक आयपी बऱ्याच घरांत वाटलेला, अशा वेळी बाहेरून थेट तुमच्या कॅमेऱ्यापर्यंत यायला रस्ताच नसतो. पण लगेच चहा प्यायला जाऊ नका, कारण बऱ्याच फायबर कनेक्शनवर सोबत आयपीव्ही६, म्हणजे पत्त्यांची नवी पद्धत, पण चालू असतं आणि तिथे प्रत्येक डिव्हाइसला स्वतःचा पत्ता मिळतो, तेव्हा राऊटरमध्ये आयपीव्ही६ फायरवॉल चालू आहे ना एवढं बघून घ्या. आणि कॅमेरावाल्याने मुद्दाम पैसे भरायला लावून स्टॅटिक आयपी घ्यायला लावला असेल, जसा आमच्याकडे होता, तर सीजीनॅटचा आधार विसरा.

आता बाहेरून बघायचं. मोबाईलचं वायफाय बंद, डेटा चालू, ब्राउझरमध्ये तो पब्लिक आयपी टाका. मग त्याच्यापुढे कोलन देऊन ८०८० टाकून बघा. लॉगिन पान आलं तर विषय संपला, तुमचं दार उघडं आहे. नाही आलं तरी विषय संपत नाही. कारण कॅमेऱ्यांची बरीच पोर्ट ब्राउझरमध्ये उघडत नाहीत. व्हिडिओचं आरटीएसपी ५५४ वर असतं, हिकव्हिजनवाले ८००० वापरतात, दहुआचं ३७७७७, आणि स्वस्तातले बिननावाचे डीव्हीआर असतात त्यांच्यात ३४५६७ फार दिसतं. त्यासाठी "पोर्ट चेकर" शोधा, ढिगाने फुकट साईट आहेत, आपला पब्लिक आयपी आणि पोर्टचा एकेक नंबर टाकून ओपन येतंय का क्लोज्ड ते बघायचं, पाच मिनिटांचं काम.

शेवटी शोदानवर जाऊन सर्चमध्ये फक्त आपला आयपी टाका. काहीच नाही आलं तर बरं, पण नाही आलं म्हणजे सुरक्षित असं धरू नका, तो त्याच्या सवडीने येतो. आणि काही आलं तर दचकायच्या आधी तारीख बघा. शोदान लाइव्ह दाखवत नाही, शेवटचं कधी पाहिलं ते दाखवतो, आणि तुमचा आयपी बदलता असेल, म्हणजे गुरुवारी दुरुस्तीसाठी महावितरणची लाईट गेली, राऊटर बंद होऊन चालू झाला की नवा नंबर, तर दिसतोय तो डीव्हीआर या आयपीवर आधी असलेल्या दुसऱ्याच कोणाचा असू शकतो. मॉडेल जुळतंय का बघा म्हणजे कळेल.

इथे एक ताकीद, गंमत नाही. शोधायची खाज सुटते, मला पण सुटली होती, पुणे टाकून बघू, कोणाकोणाचे दिसतायत. नका करू. आणि दुसऱ्याच्या डीव्हीआरवर "ॲडमिन ॲडमिन टाकून बघितलं फक्त" हे सुद्धा परवानगीशिवाय केलेलं ॲक्सेस आहे, आणि अप्रामाणिक हेतूने केलं असं ठरलं तर आयटी ॲक्टच्या कलम ६६ खाली तीन वर्षांपर्यंत कैद किंवा पाच लाखांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. आपला आयपी, आपला डीव्हीआर, आणि तो सोसायटीचा असेल तर आधी कमिटीला सांगून. मी पहिल्या रात्री सांगितलं नव्हतं आणि दुसऱ्या दिवशी सी विंगच्या काकूंनी मला चांगलंच झापलं, बरोबरच होतं त्यांचं.

आता दार लावायचं. लोक आधी पासवर्ड बदलायला धावतात, मी म्हणेन आधी पोर्ट बंद करा, पासवर्ड नंतर. कारण सांगतो. हिकव्हिजनच्या बऱ्याच मॉडेलमध्ये २०१७ साली अशी भानगड उघड झाली की पत्त्याच्या शेवटी एक ठरावीक मजकूर जोडला की पासवर्ड न विचारताच कॅमेरा चित्र देऊन मोकळा, आणि मग सप्टेंबर २०२१ मध्ये आणखी मोठी, पासवर्डशिवाय कॅमेऱ्यावर थेट कमांड चालवता येईल अशी. कंपनीने दोन्ही वेळा दुरुस्ती काढली, पण आपल्याकडे पेटीतल्या डीव्हीआरला अपडेट करतो कोण. अमेरिकेत ट्रेंडनेट नावाच्या कंपनीच्या कॅमेऱ्यांचं २०१२ मध्ये तेच झालं, लोकांनी पासवर्ड लावले होते तरी जवळपास ७०० कॅमेऱ्यांचं चित्र नेटवर फिरलं, पुढे २०१३ मध्ये तिथल्या सरकारी आयोगाने कंपनीवर कारवाई केली. म्हणजे दारच कच्चं असेल तर कुलूप किती भारी आहे त्याला कोण विचारतो, त्यापेक्षा ते दार रस्त्यावर उघडणारच नाही असं करा.

राऊटरमध्ये लॉगिन करा आणि तीन ठिकाणी बघा. पहिलं पोर्ट फॉरवर्डिंग, काही राऊटरमध्ये त्याला व्हर्च्युअल सर्व्हर म्हणतात, नॅट किंवा ॲडव्हान्स्डच्या आत दडलेलं असतं. तिथे जेवढ्या ओळी असतील त्यांचा फोटो काढून ठेवा आणि उडवा. दुसरं डीएमझेड, हे चालू असेल तर फारच वाईट, कारण त्यात एकदोन पोर्ट नाही, डीव्हीआरची सगळीच पोर्ट बाहेर काढलेली असतात. आळशी कॅमेरावाल्यांचं हे आवडतं. तिसरं यूपीएनपी. हे प्रकरण असं की डीव्हीआर स्वतःच राऊटरला सांगतो "माझ्यासाठी एवढं पोर्ट उघड रे" आणि राऊटर मुकाट्याने उघडतो, तुम्हाला विचारत पण नाही. आमच्याकडे मी पोर्ट फॉरवर्डिंगची ओळ उडवली, खूश झालो, परत चेक केलं तर ८००० उघडंच. अर्धा तास डोकं खाजवल्यावर लक्षात आलं की डीव्हीआरच्या नेटवर्क सेटिंगमध्ये यूपीएनपी चालू होतं आणि राऊटरमध्ये पण. दोन्हीकडे बंद करा, मग राऊटर रीस्टार्ट करा, नाहीतर आधी उघडलेलं तसंच राहू शकतं. मग पुन्हा मोबाईल डेटावरून पोर्ट चेकर, सगळी क्लोज्ड आली पाहिजेत.

आता फोन येणार, सेक्रेटरी काकांचा, "अरे माझ्या मोबाईलवर दिसत नाहीये." ॲपमध्ये आयपी टाकून जोडलेलं असेल तर हे होणारच. दोन उपाय आहेत. सोपा उपाय कंपनीच्या ॲपमधलं पीटूपी किंवा क्लाउड, डीव्हीआरवरचा क्यूआर कोड स्कॅन करून जोडतात ते. त्यात डीव्हीआर आतून बाहेर जाऊन कंपनीच्या सर्व्हरशी बोलतो, त्यामुळे राऊटरवर काही उघडावं लागत नाही. तोटा उघड आहे, तुम्ही कंपनीच्या सर्व्हरवर भरवसा टाकताय. २०२१ च्या मार्चमध्ये वर्काडा या अमेरिकन क्लाउड कॅमेरा कंपनीचा वरच्या दर्जाचा ॲडमिन लॉगिन हॅकर लोकांच्या हाती लागला आणि दीड लाखाच्या आसपास कॅमेरे त्यांच्यासमोर उघडे पडले, त्यात हॉस्पिटलं, शाळा, जेलं सगळं आलं. दुसरा उपाय व्हीपीएन, म्हणजे तुमचा फोन आणि घरचं नेट यांच्यातला बंदिस्त खाजगी रस्ता, त्यासाठी वायरगार्ड किंवा टेलस्केल ही सॉफ्टवेअर आहेत, काही राऊटरमध्येच सोय असते. बाहेर असलात की आधी व्हीपीएन चालू करायचं आणि मग घरात बसल्यासारखं डीव्हीआर बघायचं. घरासाठी मी स्वतः हेच वापरतो. पण सोसायटीत सेक्रेटरी, खजिनदार आणि चेअरमन अशा तिघांना, वयं साठच्या पुढची, व्हीपीएन चालू-बंद करायला शिकवणं माझ्याच्याने झालं नाही, एका रविवारी दोन तास घालवून बघितले, शेवटी पीटूपीवर आलो. तसं करणार असाल तर डब्यावरच्या स्टिकरवर जो व्हेरिफिकेशन कोड छापलेला असतो तो बदला, कारण केबिनमध्ये जाणारा कोणीही त्याचा फोटो काढू शकतो, आणि ॲपला टू-स्टेप व्हेरिफिकेशन असेल तर चालू करा.

मग पासवर्ड. २०१६ मध्ये मिराई नावाचा एक व्हायरस पसरला होता, त्याच्यात फक्त साठेक फॅक्टरी युजरनेम-पासवर्डची यादी होती, ॲडमिन-ॲडमिन, रूट-१२३४५६ असली, आणि तेवढ्या यादीवर जगभरातले लाखो कॅमेरे, डीव्हीआर आणि राऊटर त्याने ताब्यात घेतले. २१ ऑक्टोबर २०१६ ला त्याच फौजेने डिन नावाच्या डीएनएस कंपनीवर, म्हणजे वेबसाईटच्या नावावरून तिचा आयपी सांगणाऱ्या कंपनीवर, हल्ला केला आणि ट्विटर, नेटफ्लिक्स अमेरिकेत कित्येक तास बोंबलले. म्हणजे तुमच्या पार्किंगच्या चित्रात कोणाला रस नसला तरी तुमच्या डीव्हीआरचं नेट आणि प्रोसेसर चोरायला लोक बसलेत. आणि लांब कशाला जायचं, राजकोटच्या एका प्रसूती रुग्णालयातल्या तपासणीच्या खोलीतलं फुटेज बाहेर विकलं जात होतं हे फेब्रुवारी २०२५ मध्ये उघड झालं, तपासात सांगितलं गेलं की पासवर्ड ॲडमिन१२३ होता.

तेव्हा ॲडमिनचा पासवर्ड लांब ठेवा, बारा-चौदा अक्षरं, सोसायटीचं नाव आणि पिनकोड असला बाळबोध प्रकार नको. युजर वेगवेगळे करा, वॉचमनला फक्त लाइव्ह दिसेल असा, सेक्रेटरींना प्लेबॅकसह, ॲडमिन फक्त दोघांकडे. डीव्हीआरच्या युजर लिस्टमध्ये तुम्ही न केलेलं एखादं नाव आहे का ते बघा, आमच्यात "सर्व्हिस" नावाचा एक सापडला, कॅमेरावाल्याने सोय म्हणून ठेवलेला. ऑनव्हिफ, म्हणजे वेगवेगळ्या कंपन्यांची कॅमेरा-उपकरणं एकमेकांशी जोडायची पद्धत, तिचे युजर बऱ्याचदा वेगळ्या यादीत असतात, ते पण बघा. आणि राऊटरचा स्वतःचा पासवर्ड, हा सगळेच विसरतात. तो बदलला नाही तर वरची सगळी मेहनत वॉचमनच्या केबिनमध्ये वायफायला जोडलेला कोणीही दोन मिनिटांत उलटी फिरवेल.

फर्मवेअरबद्दल, म्हणजे डीव्हीआरच्या आतल्या सॉफ्टवेअरबद्दल, थोडक्यात. मॉडेल नंबर अगदी पूर्ण लिहून घ्या, कंपनीच्या भारतातल्या अधिकृत साईटवरूनच फाईल घ्या, सेटिंगचा बॅकअप घ्या, आणि अपडेट चालू असताना लाईट जाणार नाही अशी वेळ निवडा (गुरुवार नको). चुकीच्या मॉडेलची फाईल टाकली तर डबा कायमचा मरू शकतो. डीव्हीआर इतका जुना असेल की अपडेटच येत नाही, तर त्याची नेटची वायर काढून टाका, रेकॉर्डिंग वायरशिवाय पण चालू राहतं, फक्त मोबाईलवर दिसणार नाही, आणि घड्याळ महिन्यातून एकदा हाताने लावावं लागेल. घरी वायफाय कॅमेरा असेल तर तो गेस्ट वायफायवर टाका म्हणजे त्याच्यातून कोणी आत आलाच तरी तुमच्या लॅपटॉपपर्यंत पोहोचणं अवघड.

कॅमेरा कुठे बघतोय हे पण एकदा बघा हो. आमचा तळमजल्याचा कॅमेरा काकूंच्या दारावर इतका रोखलेला होता की दार उघडलं की हॉल दिसायचा. शिडी लावून दहा मिनिटांत फिरवला. काही कॅमेऱ्यात माईक असतो, गरज नसेल तर ऑडिओ बंद करा, लिफ्टमधल्या गप्पा रेकॉर्ड करून कोणाचं भलं होणारे. पीजी, होस्टेल, क्लिनिक चालवणाऱ्यांनी तर कपडे बदलायच्या, तपासायच्या खोलीत कॅमेरा लावूच नये.

नवीन घ्यायचा असेल तर पुण्याच्या तपकीर गल्लीत स्वस्त मिळतो हे खरंय, पण दुकानदाराला एसटीक्यूसीचं, म्हणजे केंद्र सरकारच्या तपासणी यंत्रणेचं, सर्टिफिकेट असलेलं मॉडेल मागा. केंद्र सरकारने सीसीटीव्ही कॅमेऱ्यांसाठी सुरक्षेच्या अटी सक्तीच्या केल्यात, ९ एप्रिल २०२५ पासून. आणि जुना डीव्हीआर एक्सचेंजमध्ये देताना आतली हार्डडिस्क काढून घ्या. चार स्क्रू असतात. मागच्या महिनाभराचं अख्ख्या सोसायटीचं येणंजाणं त्याच्यावर असतं आणि आपण ते पाचशे रुपये कमी होतायत म्हणून देऊन येतो.

आणि समजा उशीर झालाय, फुटेज कुठेतरी फिरताना दिसलं, तर डीव्हीआरची पॉवर काढू नका, फक्त नेटची वायर काढा. लॉग, म्हणजे कोण कधी आत आलं त्याच्या नोंदी, काही मॉडेलमध्ये बंद केल्यावर जाऊ शकतात. लॉग पेनड्राईव्हवर घ्या, जिथे दिसलं त्या लिंकचा पत्ता आणि तारीखवेळेसकट स्क्रीनशॉट घ्या, तो व्हिडिओ ग्रुपवर "बघा काय चाललंय" म्हणून अजिबात पुढे पाठवू नका, आणि सायबरक्राईम डॉट गव्ह डॉट इन वर तक्रार टाकून जवळच्या पोलीस स्टेशनला पण जा. १९३० हा नंबर मुख्यतः पैशाच्या फसवणुकीसाठी आहे, इथे पोर्टल बरं पडतं.

आमचं काय झालं म्हणाल तर पोर्ट बंद केल्यावर काही आठवड्यांनी शोदानवरून आमची नोंद आपोआप गेली. मी महिन्यातून एकदा पोर्ट चेकर मारतो, मेंटेनन्सचे पैसे भरायच्या दिवशी, म्हणजे लक्षात राहतं. पेटीच्या झाकणावरचा कागद फाडला, पण चिकटपट्टीचा डाग काही जात नाही. परवा कॅमेरावाला सात नंबरचा कॅमेरा दुरुस्त करायला आला आणि म्हणाला, "साहेब, पासवर्ड बदललात वाटतं, जरा लिहून द्या ना, सर्व्हिसिंगला लागतो." मी म्हटलं, सरका जरा, मी टाकतो. पूर्ण पाऊण तास त्याच्या शेजारी त्या केबिनमध्ये बसून होतो, पंखा बंद होता, आणि जाताना त्याने व्हिजिटिंग चार्ज दीडशे रुपये जास्त लावला.